चाळिसाव्याचं ताट आणि काळं चित्र

बायको झोरका गेल्यापासून त्सोलोला काहीच वाटत नव्हतं. लोक म्हणत, धीराचा माणूस. कसला धीर हो! आत सगळं सुन्न होतं.

व्रात्सा शहरातल्या कारखान्यात त्यानं तीस वर्षं वायरमन म्हणून काढली. जुनाट कॉम्प्युटर टाकवेना म्हणून त्यावर फुकटात मिळणारं लिनक्सही स्वतःच चढवलेलं. झोरका चिडवायची, "फुकट ते पौष्टिक!"

आज तिचा चाळिसावा दिवस, आत्म्याला निरोप द्यायचा. मुलगी दिल्याना डब्लिनला, आठवा महिना लागलेला. नाजूक प्रकृतीमुळे डॉक्टरांनी दोन महिन्यांपासून विमान बंद केलेलं, त्यात आईची माती हुकली. "बाबा, आज आईचं ताट तरी दाखवा," ती फोनवर म्हणाली होती. "त्याशिवाय ती गेली हे मला खरंच वाटणार नाही." बाराला ती कॉम्प्युटरवर येणार होती.

कबरीवरून परतल्यावर त्यानं कॅमेरा जोडला. चित्र काळं. आज्ञा टाइप केली. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत कॅमेऱ्याचं नाव व्यवस्थित आलं. वायर बदलली. कॅमेरा वापरायच्या परवानगीत स्वतःचं नाव नव्हतं, तेही घातलं, मशीन बंद करून चालू केलं. हिरवा दिवा लागला, चित्र काळंच. बाराला दहा कमी.

थोरली बहीण वेलाताई पाव घेऊन आली. "अजून त्या डब्याशी झोंबतोयस?"

"दिवा लागतो, पण दिसत काही नाही."

"दिसेल कसं? मी झाकलाय तो."

त्सोलोनं वाकून पाहिलं. काळ्या कॅमेऱ्याच्या भिंगावर नखाएवढं काळं कापड चिकटवलेलं. मरणाच्या दिवशी ताईनं घरातले आरसे झाकले, टीव्ही झाकला, आणि उरलेला तुकडा इथं.

"भिंग म्हणजे काचच ना? बिचारीचा आत्मा त्यात अडकला असता म्हणजे?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा! एरवी त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्यानं गुपचूप नखानं कापड खरवडलं.

"संध्याकाळपर्यंत थांब रे मेल्या, दिवस पुरा होऊ दे!"

"पोरगी बाराला येणार, ताई."

ताईनं छातीवर क्रूस काढला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

दिल्याना दिसली. त्यानं कॅमेरा टेबलाकडे वळवला: उकडलेले गहू, पाव, वाइनचा पेला, रिकामी खुर्ची. पलीकडून हुंदके आले. त्यानं कॅमेरा स्वतःकडे फिरवला. कोपऱ्यातल्या चौकटीत पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा बसला होता. आरसे झाकल्यापासून त्यानं स्वतःला पाहिलंच नव्हतं; तो आपणच, हे कळायला त्याला जरा वेळ लागला.

"बाबा, तुम्ही रडलात का हो?"

"नाही गं. येतच नाही." त्याला पहिल्यांदाच लाज वाटली. "चाळीस दिवस झाले. आईसाठी एक टिपूस नाही."

दिल्यानानं पोटावर हात ठेवला, बाहीनं नाक पुसलं.

"मग नका रडू. मी रडते दोघांचं. तुम्ही फक्त उठून जाऊ नका."

चाळिसाव्याच्या जेवणाला आलेल्या पाहुण्यांनी दार वाजवलं, ताईनं दोनदा हाक मारली. त्सोलो खुर्ची पुढे ओढून पडद्यासमोर बसून राहिला.