ओठांवरचं बोलणं

अठराव्या शतकातल्या एका तत्त्वचिंतकाचं सोलापुरातलं घर आता संग्रहालय झालंय. मी तिथं पोथ्या बघायला जातो. दर सुट्टीला तिथं एक गृहस्थ भेटतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ते टॉवेल विणायच्या मागावर कामाला असतात. नाव मी कधी विचारलं नाही. सायकल भिंतीला लावायची, उजेडासाठी खिडकीचा पडदा सारायचा आणि त्या तत्त्वचिंतकाच्या चित्रासमोर उभं राहायचं, हा त्यांचा नेम. मागांच्या खडखडाटात ओठ बघूनच बोलणं ओळखायची सवय. माझ्याशी बोलतानाही नजर माझ्या तोंडावर, आणि आवाज असा की पहारेकरी दचकतो.

"एवढं काय बघता हो?" एकदा मी विचारलं.

"तोंड जरा उघडं हाय की. कायतरी सांगाय लागलेत. मला अजून कळंना."

मला हसू आलं. "अहो, त्यांचं सगळं पोथ्यांत आहे. वाचून दाखवू?"

"ते समद्यांसाठी लिवलंय," ते चित्रावरची नजर न काढता म्हणाले. "हे समोर बसलेल्याला सांगत हुते."

हल्ली मी पोथी उघडतो, पण बसतो चित्राकडे तोंड करून.