छोले तसेच राहिले, पन्हं संपलं

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने मला विचारलं, "आजी, बर्थडेला मुलांचे आईबाबा थांबले तर त्यांनापण जेवायला द्यावं लागतं का?" मागून तुमच्या आईचा आवाज आला, "दोन ते चारची पार्टी आहे. ती काय जेवायची वेळ आहे? पण कोणी उपाशीच आलं तर?" वाढदिवस जवळ आला की तुमच्या आईचा आवाज असा जरा चढतो. तो का चढतो हे मला माहीत आहे. तिला बहुधा नीट आठवत नसेल, तेव्हा ती फार लहान होती. म्हणून तुमची पार्टी व्हायच्या आत हे लिहून पाठवते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. यातलं हिंदीही तिच्याकडूनच वाचून घ्या, तिचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत.

तुमच्या आजोबांची पुण्याहून दिल्लीला बदली झाली आणि आम्हाला लक्ष्मीबाई नगरमध्ये पहिल्या मजल्यावर सरकारी क्वार्टर मिळालं. कॉलनीत सगळ्या प्रांतांतले लोक होते, पण आमच्या ब्लॉकमध्ये बहुतेक पंजाबी आणि उत्तर प्रदेशातली कुटुंबं. आल्यावर थोड्याच दिवसांत तुमच्या आईचा सातवा वाढदिवस आला. मी पुण्यात करत असे तसाच इथेही करायचा ठरवला. संध्याकाळी पाच ते सात. औक्षण, केक, मग प्रत्येक मुलाच्या हातात एक बशी, बशीत बटाटेवडा, चिवडा आणि शिरा. सातला मुलं आपापल्या घरी. माझ्या माहेरी आणि सासरीही चहाफराळाचं आमंत्रण वेगळं आणि जेवणाचं वेगळं असे. ज्याला ज्यासाठी बोलावलं, तो तेवढंच खाऊन उठे.

पाच वाजता कोणीच आलं नाही. सहानंतर मुलं आली. त्यांच्याबरोबर त्यांच्या आया, धाकटी भावंडं आणि एक काठी टेकत येणारी आजी. ऑफिस सुटल्यावर वडीलही आले आणि आजोबांशी बोलत बसले. वडे संपले. चिवडा संपला. सात वाजून गेले तरी कोणी उठेना. मी सारखी दाराकडे बघत होते आणि त्या सगळ्या स्वयंपाकघराकडे बघत होत्या. शेवटी आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांना तुमची आई आंटी म्हणायची, मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "भाभीजी, खाना कितने बजे लगाओगे? मैंने तो घर पे कुछ बनाया ही नहीं."

मी आत गेले आणि घरात होतं त्यातून कुकरला खिचडी लावली. चांगली मसाल्याची खिचडी, वर तूप, खोबरं, सोबत तळलेले पापड. पुण्यात अचानक पाहुणे आले की हेच करतात आणि पाहुणे खूश होऊन जेवतात. मी ती वाढली, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. उत्तरेत खिचडी आजाऱ्याला देतात, हे मला कोण सांगणार? आंटींनी ताटात बघितलं आणि म्हणाल्या, "खिचड़ी? क्यों जी, बच्ची की तबीयत तो ठीक है ना?" सगळे हसले. त्यात वाईट भाव नव्हता, मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी स्कूलबसच्या स्टॉपवर मुलींनी त्या पार्टीचं नाव 'खिचड़ी वाला बर्थडे' असं ठेवलं आणि ते वर्षभर टिकलं. दुसऱ्या कोणाचा वाढदिवस आला की तुमच्या आईला हमखास विचारत, "तू तो खिचड़ी खाएगी ना?"

तिने ते घरी कधी बोलून दाखवलं नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी सहज विषय काढला, तेव्हा ती गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "आई, या वर्षी माझा वाढदिवस नको."

"नको म्हणजे? आठ वर्षांची होणार तू."

"होईन ना. पण कोणाला सांगू नकोस."

आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, या वेळी त्यांच्या पद्धतीने करून टाक. चांगलं पोटभर जेवण घाल सगळ्यांना. खिचडीवर एकदाची माती पडू दे."

मी तिला तसं वचन दिलं. छोले, पुऱ्या, पुलाव, दहीभल्ले, आणि बेकरीतून मोठा केक. तिने दोनदा विचारलं, "नक्की ना? खाना? नाश्ता नाही ना?" मी नक्की म्हटलं. फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजलं. चैत्र होता, आयएनए मार्केटमध्ये कैऱ्या आल्या होत्या, आणि चैत्रात घरी पन्हं नाही हे मला पटणारं नव्हतं. मी म्हटलं, कोल्डड्रिंकऐवजी पन्हं करते. ती रडवेली झाली. "आई, प्लीज! आता ते 'पन्हं वाला बर्थडे' म्हणतील." शेवटी ठरलं की कोल्डड्रिंकचा क्रेट आणायचा, आणि पन्हं करायचं ते घरातल्यांपुरतं. माझा हात पन्ह्याला कधी आखडता राहिलेला नाही, त्यामुळे घरातल्यांपुरतं म्हणत म्हणत मोठं पातेलं भरलं.

वाढदिवस रविवारी होता. सकाळी लवकर उठून मी कांदा-लसणाचा मसाला परतला, छोले शिजवले. घरभर घमघमाट सुटला होता. तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधल्या एक बाई दारात आल्या. "भाभीजी, बिटिया को भेज दो. कंजक बिठानी है. आज अष्टमी है ना."

कंजक म्हणजे कुमारिकांची पूजा. छोट्या मुलींना घरी बोलावून त्यांचे पाय धुतात आणि त्यांना हलवा, पुरी, काळे चणे खाऊ घालून हातावर नाणं ठेवतात. आदल्या ऑक्टोबरच्या नवरात्रात तुमची आई जाऊन आली होती, त्यामुळे कंजक मला माहीत होतं. पण नवरात्र म्हणजे आमच्या लेखी आश्विनातलंच. चैत्रात आम्ही गुढी उभारतो, रामनवमीला सुंठवडा खातो. त्या दोहोंच्या मध्ये इथे आणखी एक नवरात्र असतं आणि तेही तितक्याच कडकपणे पाळतात, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसांत या लोकांच्या घरात कांदा येत नाही, लसूण येत नाही, अंडं येत नाही. आणि माझ्या शेगडीवर कांदा-लसणाने लाल झालेले छोले रटरटत होते. बेकरीत अंड्याचा केक तयार होता.

तुमची आई नवा फ्रॉक घालून गेली, ती एका घरून दुसऱ्या घरी बोलावली जात दुपारी परत आली. डोक्याला लाल, जरीच्या काठाची चुनरी, हातात बांगड्या, कपाळभर कुंकू. आली ती पलंगावर आडवी पडली. "आई, मला आता संध्याकाळपर्यंत काही देऊ नकोस. हलव्याने पोट फुटेल माझं."

मी तिच्याकडे बघत राहिले. "तुझ्याबरोबर कोण कोण होतं गं?"

"सगळ्याच. आणि त्यांचे भाऊपण बसले होते खायला."

बोलता बोलता तिच्याही लक्षात आलं. ती उठून बसली. "म्हणजे आज आपल्याकडे कोणी काहीच खाणार नाही?" मी तिचा फ्रॉक सारखा केला. "आणि आयांचा तर उपास असणार. म्हणजे परत..." तिने चुनरी तोंडावर ओढून घेतली.

आजोबा मधल्या खोलीत पन्ह्याची चव बघत होते. ते तिथूनच ओरडले, "अगं, यात मीठ कुठंय?"

"घालते नंतर," मी म्हटलं. त्या वेळी मला मिठाची काळजी नव्हती.

त्या दुपारी मी पुष्कळ विचार केले. पार्टी पुढे ढकलावी, तर आमंत्रणं देऊन झालेली. बिनकांद्याचं दुसरं काही रांधावं, तरी पोट भरलेल्या मुलांनी ते खायचं कुठे? पुऱ्यांची कणीक मी भिजवून ठेवली, फक्त काहीतरी करत राहायचं म्हणून. तुमची आई खिडकीशी बसून होती. कोणीच आलं नाही तर बरं, असं तिने मला सांगितलं.

पण सगळी आली. लाल चुनऱ्या तशाच, खिशात सकाळची नाणी खुळखुळत. आणि त्यांच्यामागे आया. आंटी जिना चढून सर्वांत शेवटी आल्या. चप्पल काढायच्या आधीच दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "भाभीजी, एक बात पहले ही बोल दूँ? बुरा मत मानना. आज खाने को मत कहना. मेरी तो नौमी होती है, अभी व्रत चल रहा है. और ये सब अष्टमी वाली हैं, सुबह से पूरी-हलवा ठूँस के बैठी हैं. कल से सोच रही हूँ, आपको मना कैसे करूँ!"

कोणाचं व्रत अष्टमीला सुटतं, कोणाचं नवमीला, ते असं. खोलीतल्या बाकीच्या बायका हसायलाच लागल्या. एक म्हणाली, "शुकर है, किसी ने बोला तो!" दुसरी म्हणाली, मी तर येतानाच घाबरले होते, पुन्हा जेवायला लागणार म्हणून. मी खुर्चीत बसले. सकाळपासून मी पहिल्यांदाच टेकले होते. त्यांच्याकडे बघताना मला दिसलं की मी जेवण घालायला जितकी घाबरले होते, तितक्याच त्या जेवायला घाबरल्या होत्या.

केकमध्ये अंडं आहे हे मी आधीच सांगितलं. तुमच्या आईने तो कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाला, आणि केक आत गेला. त्या क्षणी तिचा चेहरा पडलेलाच होता. मग मुलं गॅलरीत आणि जिन्यात लपाछपी खेळू लागली. एप्रिलची उष्ण संध्याकाळ, पोटात तळलेलं, त्यामुळे थोड्याच वेळात प्रत्येकाला तहान लागली. कोल्डड्रिंकचा क्रेट बघता बघता रिकामा झाला. एक चुनरीवाली मुलगी आत आली आणि पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आंटी, वो पीला वाला क्या है?"

मी तिला पेलाभर पन्हं दिलं. दिल्लीचं पन्हं भाजलेल्या कैरीचं, पुदिना आणि काळं मीठ घातलेलं, खारट असतं. माझं गुळाचं, वेलची आणि केशर घातलेलं. तिने एक घोट घेतला, डोळे मोठे केले आणि जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "अरे, ये तो मीठा है! जल्दी आओ!"

मग माझ्या घरातले पेले, वाट्या, शेवटी चहाचे कपसुद्धा बाहेर आले. आंटी हे बघत बसल्या होत्या. दिवसभर त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "भाभीजी, इसमें नमक कौन-सा है?" आपण उपासाला साधं मीठ चालवतो. इथे सैंधवच लागतं, साध्या मिठाचा एक कणही गेला तर व्रत मोडतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आठवलं. माझ्याआधी आजोबाच म्हणाले, "नमक? बहनजी, मैं दोपहर से चिल्ला रहा हूँ, इसमें नमक है ही नहीं!"

आंटींनी पहिला पेला उभ्यानेच संपवला. दुसरा बसून घेतला. तिसरा मागताना म्हणाल्या, "पिछले साल ये क्यों नहीं पिलाया? खिचड़ी खिला दी!" तुमची आई तिथेच माझ्याजवळ उभी होती. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. खिचडीवर ती स्वतः हसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. पातेलं रिकामं झाल्यावर ते कलतं करून शेवटचे थेंब कोणाला, यावरून मुलींची भांडणं झाली, आणि निवाडा तिने केला.

सातला, खरोखर सातला, सगळे घरी गेले. एकही पुरी तळावी लागली नाही. तुमच्या आईचा मामा तेव्हा मुनिरकाला खोली घेऊन शिकत होता. त्याला निरोप गेला, तो मित्रांना घेऊन आला आणि छोले, पुलाव, केक यांचा प्रश्न मिटला. झोपायच्या आधी तुमच्या आईने मला विचारलं, "पुढच्या वर्षी परत करायचा ना?"

पुढच्या वर्षी आंटींनी आपल्या मुलाच्या वाढदिवसाला सगळ्यांना आधीच सांगून टाकलं, "खाना नहीं है, शरबत है. खाना अपने-अपने घर." त्यांच्या तोंडून आल्यावर कोणाला वाईट वाटलं नाही. काही घरांनी जेवणं चालूच ठेवली, पण आमच्या जिन्यात ती बंद झाली आणि कोणी चुकचुकलं नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काय देणार आहात ते आधी सांगा. येणाऱ्यांनाही तेच हवं असतं, त्यांना विचारायचा संकोच वाटतो इतकंच.

ते क्वार्टर आता पाडलं. आंटी गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. आम्ही निवृत्तीनंतर मयूर विहारला आलो. इथे चैत्रात मी अजून पन्हं करते, आणि त्यात मीठ घालत नाही.