बेलाचं चूर्ण आणि काकांचं पोट

परसातल्या बेलाला बोटभर लांब काटे, त्यामुळे त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. काका मात्र दरवर्षी जुना जाड कोट चढवून शिडीवर उभे राहत आणि फळं हिरवीकच्ची असतानाच उतरवत. एकही मागे ठेवत नसत. त्यांच्या चकत्या गच्चीवर वाळत, मग दळल्या जात आणि काकांच्या दुकानात पुड्यांतून विकल्या जात.

जुलाबावर ते चूर्ण खरोखरच अक्सीर होतं. काका तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण झोप लागत नाही? बेल. केस गळतात? बेल. सून उलट बोलते? काका क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "पित्त आहे तिचं. बेल."

गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून आधी स्वतः एक चमचा तोंडात टाकायचा, हा त्यांचा शिरस्ता. दुकान झकास चालायचं. पोट मात्र चालेना.

सकाळी मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून संडासाबाहेर येरझाऱ्या घाली. "बाबा, मला ऑफिस आहे हो!"

"मग मी काय इथं हौसेनं बसलोय?" आतून कुंथत उत्तर येई.

शेवटी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तेव्हा काकूंनी त्यांना रिक्षात कोंबून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"खाता काय?" बाईंनी विचारलं.

"स्वतःचंच चूर्ण," काकू म्हणाल्या. "प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर एक चमचा."

"अहो, ते जुलाब थांबवायला! तुम्हाला कुठे होत होते? आजपासून चिमूटभरही नाही. पिकलेलं बेलफळ खा, त्यानं मोकळं वाटेल."

पिकलेलं आणायचं कुठून? झाड तर काकांनी कधीच ओरबाडून ठेवलं होतं. पण त्यांची झोप उडाली ती वेगळ्याच काळजीनं. दुकानदारच आपला माल तोंडात घालत नाही, हे एकदा षट्कर्णी झालं की दुकानात फिरकणार कोण?

दुसऱ्या दिवशी पहिलेच आले निवृत्त हेडमास्तर. पुडी हातात घेऊन थांबले. "काका, आज तुम्ही नाही घेत?"

काकांचा हात चमच्याकडे गेला. तेवढ्यात काकू आतून तरातरा बाहेर आल्या.

"नाही घेणार! या चूर्णानं त्यांचं पोट असं बांधलं गेलं, की काल दवाखाना गाठावा लागला. आता सगळ्यांना कळू दे एकदाचं!"

काकांनी डोळे मिटले. संपलं सगळं.

"बाप रे," हेडमास्तर हळूच म्हणाले. "एवढं जालीम आहे? मग आणखी दोन पुड्या द्या."

"मास्तर, तुम्हाला जुलाब होताहेत का?" काकूंनी विचारलं.

"छे, छे! गुडघे धरलेत."

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि दोरा तोडून पुड्या बांधायला घेतल्या.

"गुडघ्यांसाठी असेल," ते म्हणाले, "तर कोमट पाण्यातून घ्या."