मामांचा डोळा आणि माझं इंग्लिश कीर्तन

माझा रविवार दुपारची जेवणं उरकल्यावर सुरू होतो. आठवडाभर बँकेच्या काउंटरवर बोलून बोलून घसा बसलेला असतो, म्हणून त्या वेळी मी कुणाशी बोलत नाही. दिवाणावर आडवी होते, पाय उशीवर टाकते आणि छोट्या स्पीकरवर जुनं जाझ लावते. स्टुडिओतलं नाही, लोकांसमोर गायलेलं. माझ्या जन्माआधी कुठल्यातरी दूरच्या क्लबात एक बाई गात असते, पेले किणकिणतात, कुणाची खुर्ची सरकते, गाता गाता बाईलाच हसू येतं. ते ऐकताना मला अंबाजोगाईतल्या आमच्या हॉलमध्ये चार माणसं येऊन बसल्यासारखं वाटतं, आणि त्यांना चहा विचारावा लागत नाही, हे आणखी बरं.

हे वेड औरंगाबादच्या होस्टेलात लागलं. माझी रूम पार्टनर गोव्याची होती. तिचे वडील हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचे, आणि तिच्या पेटीत कपड्यांपेक्षा कॅसेटीच जास्त होत्या. लग्नानंतर नवऱ्यानं एकदा ऐकून बघितलं, ‘तुझं इंग्लिश कीर्तन’ असं त्याचं नाव ठेवलं आणि आतल्या खोलीत झोपायला गेला. तेव्हापासून आमचं हे असंच चालतं.

मागच्या हिवाळ्यात सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना आम्ही मामा म्हणतो. युसूफ वडगावला त्यांची शेती आहे. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं, की वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. त्यामुळं शेतात परत जायच्या आधी ते आमच्याकडं राहिले. काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचे आणि हरभऱ्याला पाणी दिलं का, हे फोनवर इतक्या वेळा विचारायचे, की शेवटी गावाकडं सासूबाईंनी फोन उचलणंच सोडलं.

मामा घरात असताना पाय पसरून गाणी ऐकणं मला जमेना. पण एका रविवारी ते जेवून गप्प बसले होते, मला वाटलं डोळा लागला. मी अगदी हळू आवाजात एक रेकॉर्डिंग लावलं. गाणं मध्यावर आलं आणि मामा खुर्चीत हलले. मी झटकन बंद केलं.

“कावून बंद केलं?” मामा म्हणाले.

“तुमची झोप मोडली ना, मामा.”

“झोपलंय कोन? लाव. त्या बाईचं म्हननं आर्ध्यात ऱ्हायलं.”

मी पुन्हा लावलं. पदर सावरून ताठ बसले, आणि बँकेत ग्राहकाला व्याजदर सांगावा तसं सांगू लागले, की ही अमेरिकेतली गाणारी आहे, हा पियानो, ही लोकांची टाळी. मामांनी हात वर करून मला थांबवलं.

“खालून ते हूं हूं करतंय, ते काय हाय?”

“सारंगीचा थोरला भाऊ समजा. माणसापेक्षा उंच असतो. उभं राहून बोटांनी वाजवतात.”

“मंग यष्टीत नेतेत कसं?”



मग बाईनं शब्द सोडले आणि नुसत्या आवाजावर खेळायला लागली. दू-बा-दी-बा, वर, खाली, पुन्हा वर. मला वाटलं, आता मामा हसणार. ते पुढं सरकून बसले. “आता बघ, ती येती का न्हाई ठिकानावर,” असं पुटपुटत मांडीवर ताल धरला. बाई ठिकाणावर आली, तिकडचे लोक ओरडले आणि इकडं मामांनी “वा!” म्हटलं. आतून नवरा डोळे चोळत बाहेर आला. वडील आणि बायको एका स्पीकरसमोर बसलेत हे बघून तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं आमच्या तिघांसाठी चहा टाकला. लग्नापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

मग रोज मी बँकेतून आले, की मामा विचारायचे, “आज कोन गानार?” त्यांच्या आवडी ठरून गेल्या. एका रेकॉर्डिंगात मागं कुणीतरी सारखं खोकतं. तो खोकणारा त्यांना फार आवडला. “ह्याला खोकला हाय तरी घरी ऱ्हायला न्हाई. ऐकनारा असा पायजे,” म्हणायचे.

पुढच्या रविवारी गावाकडून त्यांच्या भजनी मंडळातले दोघं डोळा बघायला आले. एक पखवाज वाजवणारे, दुसरे मंडळाचे मुख्य गाणारे. मामांनी डोळ्याची हकीकत झटपट संपवली आणि मला म्हणाले, “लाव बरं आपली बाई.” आपली! मी लावलं. पखवाजवाल्या काकांची बोटं समोरच्या चिवड्याच्या डब्याच्या झाकणावर लगेच चालायला लागली. मुख्य गाणारे मात्र तोंड वाकडं करून म्हणाले, “ह्याच्यात देव कुठं हाय बे?”

“तू गातूस तवा तरी कुठं असतूय?” मामा म्हणाले.

तिघंही इतके हसले, की मला मामांच्या डोळ्याची काळजी वाटली. मग गाणारे इरेला पेटले आणि त्यांनी अभंग धरला. सूर फार वर लागला, आवाज फाटला, पुन्हा खालून धरला. दुसऱ्या कडव्याला मामांनी सूर मिसळला. भरदार, किंचित घोगरा आवाज. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तो कधी ऐकला नव्हता, कारण मंडळ मंदिरात बसायचं आणि मी सणाला गेले की चुलीपाशी असायचे. मी उठून कपबशा गोळा केल्या, पण दारातच थांबून राहिले.

डॉक्टरांनी परवानगी दिली तसे मामा गावी गेले. जाताना त्यांच्या साध्या मोबाइलच्या कार्डात मी त्यांची आवडती गाणी भरून दिली. आठवड्याभरानं सासूबाईंचा फोन आला.

“काय याड लावलंस गं ह्यांना? दुपारी वसरीत ती इंग्रजी बाई वरडती, गल्लीतली मान्सं येऊन बसतेत. मला मेलीला झोप न्हाई.”

मी म्हटलं, “आत्याबाई, मामांना सांगते आवाज कमी ठेवायला.”

मग त्या हळूच म्हणाल्या, “कमी नगं. पर ती दुसरी, जाड्या आवाजाची, तिचं एकच गानं भरलंस. अजून हायेत का तिची?”