वाळूची पसंती

माझ्या साडूंना उभ्या जन्मात एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात पसंत पडली असेल तर शपथ! यात मीसुद्धा आलो. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा थोरले जावई म्हणून हेच पुढे बसले होते, आणि पोह्यांची बशी माझ्या हातात यायच्या आत यांनी मलाच खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. "डावा खांदा उतरलाय," असं मग सासऱ्यांच्या कानात म्हणाले, तेही मला ऐकू जाईल इतक्या हळू. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पुढे निवृत्त झाले आणि तिथेच अयोध्या नगरात घर बांधलं, पण खोड काही निवृत्त झाली नाही. ते कोपऱ्यावर दिसले की भाजीवाला समोरच्या भेंडीवर पोतं टाकतो आणि म्हणतो, "बाबूजी, आज भिंडी आयी ही नहीं." त्याचं तरी काय चुकतं? हे प्रत्येक भेंडीचं शेपूट मोडून बघणार आणि शेवटी दोडका घेऊन घरी जाणार.

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आम्ही सगळे आक्का म्हणतो. या माणसाच्या हाताखाली आक्कांनी इतकी वर्षं संसार केला यातच त्यांचा स्वभाव आला. मागल्या साली आक्कांच्या अंगावरून वारं गेलं. वाचा परत आली, पायही परत आला, पण उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हात वापरतील तर येईल, नाहीतर असाच राहील. व्यायामाला रबरी चेंडू दिला, तो आक्कांनी पलंगाखाली टाकून दिला. "कशाला आता? झालं की सगळं करून," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवशी साडू मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "ही हरली ना, तर मी काय करू हो?" मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

आक्का देवगडच्या. लहानपणी निम्मा दिवस किनाऱ्यावर असायच्या. एवढा प्रवास आता झेपायचा नाही, म्हणून साडूंनी ठरवलं की घरातच समुद्र आणायचा, त्यांचं तोंड भिंतीकडून वळवायचं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, भोपाळात तलावांना काय तोटा? शाहपुऱ्याला नेऊन बसवू की त्यांना." ते म्हणाले, "त्याला भरती येते का?" संपलं! दिवाणखान्यात ही भली मोठी काचेची टाकी आली, मीठ कालवलेलं पाणी आलं, दगड आले. मासाही ठरला, एक पांढुरका चिमुकला जीव. तोंडात वाळू घ्यायची, तिच्यातलं खाणं गाळून घ्यायचं आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडायची, हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. म्हणजे वाळू खडबडीत निघाली तर माशाचं तोंड सोललं, अगदीच पीठ निघाली तर पाणी गढूळ. झालं! आमच्या साडूंना आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोलामोलाचं काम मिळालं.

सगळा उन्हाळा वाळू निवडण्यात गेला. नर्मदेची वाळू आणली. तिच्यातून लोहचुंबक फिरवला तर त्याला काळे कण चिकटले. बाद! दुकानातल्या रंगीत वाळूवर लिंबू पिळलं. खरी प्रवाळाची वाळू असेल तर फसफसते म्हणे, ही ढिम्म राहिली. बाद! एक प्रवाळाची निघाली, छान फसफसली, पण रव्याच्या चाळणीत अर्धी वरच राहिली. घरात चाळणी म्हणून उरली नाही, चहासुद्धा फडक्याने गाळून मिळायचा. एकदा तर मला समोर बसवलं, चिमूटभर वाळू तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "चावा." मी म्हटलं, "अहो, मी मासा आहे का?" तर स्वतःच तोंडात टाकून डोळे मिटून चघळायला लागले. "कच लागतेय. गालाला टोचते," म्हणाले आणि चूळ भरायला गेले. आक्का भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही, आणि साडूंनी ते पाहिलं हे मी पाहिलं.

शेवटी मुंबईहून मागवलेली एक वाळू पास झाली. दह्यासारखी पांढरी. ती त्यांनी इतक्या वेळा धुतली की मोलकरीण म्हणाली, "इतना तो मैं चावल भी नहीं धोती." परातीत निथळत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन मासा आणायला निघाले. पिशवीतल्या हवेवर त्याला फार वेळ काढता येत नाही, दुकानदाराने बजावलं होतं, "सीधे घर जाइएगा." पिशवी माझ्या मांडीवर. गाडी खड्ड्यात गेली की साडू माझ्यावर डाफरायचे, जणू खड्डा मीच खणला होता. मासा तळाशी जाऊन तोंड उघडमीट करत होता. मी त्याच्याकडे बघत स्वतःच श्वास धरून बसलो होतो.

घरात शिरलो तर उदबत्तीचा वास. माझी बायको दारातच हात चोळत उभी. त्या दिवशी हरतालिका होती, आणि आम्हा दोघा पुरुषांना त्याचा पत्ताच नव्हता. चौरंगावर वाळूची पिंडी, तिच्यावर हळदकुंकू, दूध, बेल, झेंडूची फुलं. दह्यासारखी पांढरी वाळू! मागे परात रिकामी. समोर खुर्चीत आक्का, न्हालेल्या, हिरवं लुगडं नेसलेल्या. बहिणीने पूजा मांडायला घेतली तेव्हा त्या आपण होऊन उठल्या आणि "पिंडी मी करते" म्हणाल्या, हे मला मागाहून कळलं.

साडूंनी आधी परातीकडे पाहिलं, मग पिंडीकडे. आक्काच म्हणाल्या, "कधी नव्हे ती एवढी स्वच्छ वाळू मिळाली हो यंदा. म्हटलं देवासाठीच धुतली असेल."

ते खाली वाकले. पिंडीवर बोटांचे ठसे उमटलेले होते, दाबून दाबून बसवलेले.

"उजव्या हाताने केलीस?"

"मग काय करू? डावा हळदीने भरला होता."

आक्कांनी हाताकडे पाहिलं. जणू त्यांनाही ते तेव्हाच कळलं. साडू मटकन खाली बसले आणि माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलात? तो मासा गुदमरतोय! वाळूशिवाय टाकीत जगायचा नाही, परत देऊन या जा!" आवाज मात्र पार फाटला होता. मी धावत सुटलो. मासा वाचला.

दुसऱ्या दिवशी पिंडीचं विसर्जन झालं. तसलीच नवी वाळू मागवली, पण ती टाकीत काही पडेना. आता रोज सकाळी साडू ओल्या वाळूची परात आक्कांपुढे ठेवतात आणि कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "गुठळ्या राहिल्यात. जरा मळून दे." आक्का उजव्या हाताने मळतात. संध्याकाळी ते चिमूट उचलून बघतात, मान हलवतात, "अजून आहेत." टाकीत पाणी आणि दगड, बाकी काही नाही. मासा दुकानात वाट बघतोय. आक्का हल्ली वाटी उचलतात, परवा चक्क माझ्या बायकोची वेणी घातली.

मला राहवलं नाही. साडू आत गेलेले बघून मी हळूच म्हटलं, "आक्का, वाळूत कसल्या हो गुठळ्या?"

आक्का मळायच्या थांबल्या नाहीत. "मला काय कळत नाही होय?" म्हणाल्या. "पण वर्षभर घाबरून आहेत बिचारे. तेवढाच त्यांच्या जिवाला आधार."