टँकरचा तिसरा डबा

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. रिटायर झाल्यावर घरात त्यांचा वेळ जाईना, म्हणून त्यांनी पाथर्डी रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. आयटीआयचा वायरमनचा कोर्स करून दोन वर्षं झाली होती आणि नोकरीचं काही जमत नव्हतं. मुलाखतीला गेलं की समोरचे साहेब विचारायचे, "खांबावर कोण चढणार, बाई?" आई एका दवाखान्यात आया होती. तिची ड्यूटी सकाळची, त्यामुळं पाण्याचा नंबर लावणं आणि स्वयंपाक माझ्याकडं. ते उरकून अकराच्या सुमाराला मी शेडवर जायचे, आणि संध्याकाळी घरी आलं की पुन्हा चूल. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. पूर्वेकडं विहिरी आटल्या होत्या आणि आमच्या समोरून दिवसभर पाण्याचे टँकर जायचे.

त्यातला एक टँकरवाला सारखा आमच्याकडं यायचा. तिसगावकडचा, चाळिशीचा, काटकुळा माणूस. घरची शेती होती, पण त्या वर्षी शेतात काही नव्हतं म्हणून टँकरवर ड्रायव्हर झालेला. शेडसमोर गाडी लावायचा आणि खाली न उतरताच ओरडायचा, "मिस्तरी, पुन्हा गेलं!"

जाणारी गोष्ट म्हणजे मागचे दिवे. केबिनमधून येणाऱ्या वायरी आणि मागं जाणाऱ्या वायरी जिथं एकमेकींना मिळायच्या, तो जोड टाकीच्या पुढच्या बाजूला, खाली गाडीच्या सांगाड्यावर, चासीवर होता. उघडा, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला. टँकर भरताना वरून सांडणारं पाणी नेमकं त्यावर पडायचं. तांबं हिरवं पडायचं, फ्यूज उडायचा. दादा दरवेळी वायरी घासून नवी पट्टी गुंडाळायचे. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी पट्टीचं रीळ बाजूला ठेवलं.

"पट्टीवर भागायचं न्हाई आता. याला डबाच करायला लागंल."

"मिळतो का बाजारात?" ड्रायव्हरनं विचारलं.

"घरातल्या स्विचचा मिळतो. तो या बोळात बसायचा न्हाई. मापाचाच करावा लागंल."

दादांना हे काम मनापासून आवडलं. वर्कशॉपात त्यांनी सगळी वर्षं ड्रॉइंग समोर ठेवून काम केलं होतं. शेडवर येणारी कामं म्हणजे हॉर्न वाजत नाही, दिवा लागत नाही, लवकर कर. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागं डब्याचं चित्र काढलं, सगळी मापं लिहिली. मग पाइपलाइनच्या जाड प्लॅस्टिकच्या पाइपाचा हातभर तुकडा आणला, तो उभा चिरला, आणि मी स्टोव्हच्या धगीवर तो फिरवत राहिले. पाइप मऊ पडला की दोन शहाबादी फरशांमध्ये दाबायचा. थंड झाला की सपाट पत्रा तयार. त्यातून तुकडे कापायचे, पुन्हा गरम करून लाकडाच्या ठोकळ्यावर वाकवायचे आणि पाइपाच्या सोल्युशननं चिकटवायचे. त्या वासानं डोकं चढायचं. माझ्या बोटांना फोड आले होते, आणि त्याच बोटांनी रात्री भाकरी थापायची होती.

झाकणाखाली दादांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. आत वायरी पकडायला स्क्रूची पट्टी बसवली. वायरी वरून दोन भोकांतून आत घेतल्या, भोकं लांबीनं, म्हणजे खिडकीच्या काचा बसवायच्या पुट्टीनं, बुजवली.

आठ दिवसांनी ड्रायव्हर आला. झाकण उघडलं तर डबा पाण्यानं अर्धा भरलेला. पाणी वायरीवरून ओघळून आत गेलं होतं आणि आत गेलेलं बाहेर यायला वाट नव्हती.

दादा म्हणाले, "लांबी कमी पडली." दुसरा डबा त्यांनी आणखी जाड केला, दुहेरी ट्यूब लावली, भोकं तर अशी बुजवली की मुंगी शिरली नसती. तो तीन आठवडे टिकला. मला वाटलं, सुटलो.

मग एका दुपारी टँकर आला, पण ड्रायव्हर ओरडला नाही. खाली उतरला, शेडच्या बाकड्यावर बसला आणि पाणी मागितलं.

करंजीचा घाट उतरताना पुढं जनावर आडवं आलं म्हणून त्यानं ब्रेक दाबला होता. मागं ब्रेकचा दिवा लागला नाही. मागून येणारा मोटारसायकलवाला येऊन धडकला. त्याचा हात मोडला. माणूस तिसगावचाच, ड्रायव्हरच्या ओळखीचा.

"बाकी काय न्हाई ना?" दादांनी विचारलं.

"न्हाई. डोक्याला लागलं असतं तर..." ड्रायव्हरनं पेला खाली ठेवला.

ते दोघं बाकड्यावर बसले आणि मी डिसमिस घेऊन गाडीखाली गेले. झाकण हातानंच ओढून काढलं. आत पाणी साचलेलं नव्हतं, पण झाकणाच्या आतल्या बाजूनं थेंब लटकत होते, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला असतात तसे. उन्हानं डबा तापायचा, वरून गार पाणी पडायचं, आणि आतली हवा घाम धरायची. स्क्रू हिरवे पडले होते. हे एक झालं. दुसरं असं, की ब्रेकच्या वायरीचा स्क्रू ढिला होता. बोट लावलं तशी वायर निघून हातात आली.

दुसऱ्या डब्याचे स्क्रू दादांनी आवळले होते. मला त्यांनी हात लावू दिला नव्हता.

मी तिथं उताणी पडल्या पडल्या ती वायर परत घातली आणि स्क्रू आवळला. बाहेर येऊन म्हणाले, "दादा, आतून घाम धरलाय. त्यानंच झालं." खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं.

दादांनी मान हलवली. ड्रायव्हरला म्हणाले, "चार दिवस दे. नवा करतो. तवर दिवसाच गाडी चालव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या टाकत असताना दादा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "आवर. तिसगावला जायचंय."

"कशाला?"

"त्या मानसाला भेटायला."

मला जायचं नव्हतं. एक दिवस शेड बंद राहिलं असतं तर मी घरी झोपले असते. पण त्यांना एकट्यानं पाठवावंसं वाटेना. एसटीत उभं राहूनच गेलो.

तिसगावात त्याचं घर विचारत विचारत सापडलं. हात प्लास्टरमध्ये घालून तो ओसरीवर बसला होता. माझ्याहून थोडा मोठा असेल. त्याची आई ज्वारी निवडत होती. दादा उभ्या उभ्याच म्हणाले, "टँकरचं वायरिंग माझं हाय. दिवा लागला न्हाई ती चूक माझी. ड्रायव्हरची न्हाई."

त्या माणसाला काही कळेना. "कसलं वायरिंग, कसला दिवा? ड्रायव्हर तर म्हनला, चूक त्याचीच हाय."

"त्याची न्हाई. त्यानं काम माझ्यावर सोपवलं हुतं."

"बसा तरी, बाबा," तो म्हणाला.

म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. देता देता विचारलं, "कुटलं म्हनायचं तुमी?"

"भिंगारचे."

"कुनापैकी?"

"बौद्ध," दादा म्हणाले.

तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं तांब्या पुढं केला. दादांनी दोन्ही हातांनी तो धरला, तरी पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. त्या घरी पाणी आठवड्यातून दोनदा येत होतं. म्हातारी सांडलेल्या पाण्याकडं बघत राहिली आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्या माणसानं प्लास्टरचा हात मांडीवर सरकवला. मग म्हणाला, "खरं सांगू का बाबा? मी लई जवळ हुतो. दिवा लागला असता तरी थांबलो असतो का, काय म्हाईत."

त्यानं हे मोठ्या मनानं म्हटलं होतं. पण दादांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना बहुतेक त्यानं रागवायला हवं होतं.

परतीच्या एसटीला वेळ होता. स्टँडच्या पत्र्याखाली आम्ही बसलो. कडाक्याचं ऊन. दादांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता आणि डाव्यानं तो दाबून धरला होता. इतके महिने मी ते बघत होते आणि ती त्यांची सवय आहे असं स्वतःला सांगत होते.

"स्क्रू ढिला हुता ना?" त्यांनी विचारलं.

एसटी येते का ते बघायला मी मान वळवली.

"तू गाडीखाली असताना डिसमिस वाजला. घाम बघायला डिसमिस फिरवावा लागत न्हाई."

"दादा, घामानं सगळेच स्क्रू खराब झाले होते."

"झाले असतील. पर तो मी आवळलाच न्हाई नीट. आवळता येत न्हाई. हात ऐकत न्हाई आता." थोड्या वेळानं म्हणाले, "तुला सांगायला पायजे हुतं. सांगितलं असतं तर तू आवळला असतास."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की आता सगळंच काम माझ्यावर येणार. असा विचार मनात आला याची लाज पुढं पुष्कळ दिवस वाटली.

तिसरा डबा मी केला. मी म्हटलं, वायरी वरून नाही, खालून आत घेऊया. आत शिरण्याआधी त्यांना खाली झोळ देऊया, म्हणजे पाणी झोळाशीच गळून पडेल. झाकण बुटाच्या खोक्याला असतं तसं, वरून खाली ओढलेलं करूया. आणि तळाला दोन भोकं पाडूया, घाम निघून जायला.

"डब्याला भोकं? मग डबा कशाला?" दादा चिडले. "वर्कशॉपात असं काम केलं असतं तर साहेबानं फेकून दिलं असतं."

"दोनदा बुजवून बघितलं ना, दादा."

ते बाकड्यावर बसून राहिले. मी स्टोव्ह पेटवला. थोड्या वेळानं दादा म्हणाले, "कर तुझ्या मनाचं. मला आता भांडवत न्हाई." पण फरशी दाबायला उठले. हातानं नाही, सगळं अंग टाकून त्यांनी ती दाबून धरली. तापलेल्या खिळ्यानं मी तळाला भोकं पाडली. सगळे स्क्रू मी आवळले, आणि प्रत्येक वायर दोनदा ओढून बघितली. दादा वाकून बघत होते. त्यांनी एकदाही हात पुढं केला नाही.

तो डबा टिकला. पाऊस पडून टँकर बंद होईपर्यंत ड्रायव्हर दर पंधरवड्याला थांबायचा, मी झाकण काढायचे, आत कोरडं असायचं. शेवटच्या खेपेला त्यानं सांगितलं की त्या माणसाचा हात बरा झाला, फक्त मूठ पुरती मिटत नाही. दादांनी ते ऐकलं आणि आत जाऊन बसले.

पुढच्या वर्षी त्यांच्या हाताच्या थरथरीला नगरच्या डॉक्टरांनी नाव दिलं, गोळ्या दिल्या. शेड आम्ही सोडलं. मला एमआयडीसीत गाड्यांच्या वायरी बांधायच्या कारखान्यात काम मिळालं. तिथं आम्ही तीस-पस्तीस बायका होतो, दिवसभर उभ्यानं. वायरी जिथं मिळायच्या तिथं साच्यातून आलेला काळा डबा बसवायचा, खट् आवाज आला की पुढचा. तो डबा कुणी शोधून काढला, आधीचे किती फसले, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

मी घरी आले की दादा दारातच विचारायचे, "आज काय केलं?" त्यांना सगळं ऐकायचं असायचं. वायरीचे रंग कोणते, डब्यात वायरी वरून घेतात की खालून, झाकण कसं बसतं. मी म्हणायचे, "काही नाही दादा, वायरीच." चपला काढून मी भिंतीला टेकून बसायचे. ते थोडा वेळ माझ्याकडं बघत थांबायचे, मग उठून कंदील पुसायला घ्यायचे, जो आमच्याकडं कधीचाच लागत नव्हता. मला सांगता आलं असतं. फार वेळ लागला नसता. पण त्या दिवसांत माझ्या अंगात तेवढंही उरत नव्हतं.