कोर्टाचा कागद नाकारू नये

त्या कागदावर सही माझ्या भाच्याची आहे, पण ती करायला मी सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना शिव्या घालणार आहे. हा गृहस्थ स्वतः काठावर उभा राहून दगड मारतोय, असं कुणाला वाटायला नको.

भाचा म्हणजे कल्याणला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. वय एकतीस, मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. मी डोंबिवलीत राहतो आणि गेली सत्तावीस वर्षं कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवतो. त्यामुळे पासपोर्टपासून युद्धापर्यंत घरात कुणाला काहीही अडलं की 'मामाला विचार' हे ठरलेलं. मीही विचारल्याबरोबर उत्तर द्यायचो. न विचारताही द्यायचो.

त्या दुपारी मी पेपर तपासत होतो. त्याचा फोन आला, आवाज दबका.

"मामा, सीन असा आहे. कोर्टाचा माणूस बोटीवर आलाय, सोबत इथला एजंट. तेलवाल्याचं आमच्या मालकाशी काहीतरी भांडण आहे, म्हणून जहाज कोर्टाने अडकवलंय. कॅप्टन आजारी पडून घरी गेलेला, चीफ ऑफिसरचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं. आता सगळ्यात सीनियर मी. म्हणून कागदावर मी सही करायची म्हणतात."

"काय लिहिलंय कागदात?"

"त्यांच्या भाषेत आहे सगळं. एजंट म्हणतो, कागद मिळाला एवढ्यापुरती सही. मला नाय करायचीय, मामा. आमचा इंजिनीयर पण म्हणतोय, करू नको."

आता मी काय बोललो ते समजायला आमचे वडील माहीत असावे लागतात. ते कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन चाळीचाळींतून, गावागावांतून सायकलवर हिंडायचे. त्यांना लांबून पाहिलं की लोक दारं लावून घ्यायचे, बायका 'ते गावाला गेलेत' म्हणायच्या आणि ते आतल्या खोलीत खोकायचे. वडील शांतपणे समन्स दारावर डकवायचे, दोन पंचांच्या सह्या घ्यायचे आणि घरी येऊन जेवताना आम्हा दोघांना तेच ते सांगायचे. कोर्टाचा कागद नाकारणारा मूर्ख असतो. नाकारला तरी तो बजावला गेलाच असं धरतात, आणि निकाल तुमच्या पाठीमागे लागतो. कागद घ्यावा, सही करावी, आपली प्रत मागून घ्यावी. आमच्या घरात हे शुभंकरोतीसारखं पाठ होतं. प्रत आणि पोच, या दोन गोष्टींवर वडिलांची जेवढी श्रद्धा होती तेवढी देवावरही नव्हती.

"सही कर," मी म्हणालो. "कोर्टाचा कागद नाकारायचा नसतो. प्रत मागून घे."

त्याने सही केली. शहाण्यासारखी प्रत मागितली, तिचा फोटो मला पाठवला. मी 'शाब्बास' असं लिहिलं.

फोटोतल्या कागदाचं भाषांतर करून घ्यायला चार दिवस लागले. कागद पोचपावतीचा नव्हताच. कोर्टाने त्या जहाजाचा कायदेशीर रखवालदार नेमला होता, आणि तो रखवालदार म्हणजे आमचा भाचा. खटल्याचा निकाल लागून जहाज विकलं जाईपर्यंत त्याने जहाज सोडायचं नाही. पासपोर्ट बंदराच्या अधिकाऱ्यांनी ठेवून घेतला. ना चोरी केली, ना कुणाला मारलं, ना त्या मालकाचं कधी तोंड पाहिलं. किनाऱ्यापासून पाच मैलांवर नांगरलेल्या लोखंडी खोक्यात पोरगा कैदी झाला, तोही स्वतःच्या सहीने.

मग मी कामाला लागलो. इतकी वर्षं शिकवलेलं सगळं माझ्या बाजूने होतं. समुद्राचा कायदा आहे, खलाशांच्या हक्कांचा करार आहे, कुठल्या देशाने काय करायचं हे कलमावार लिहिलेलं आहे. मी अर्ज लिहिले. विषय, संदर्भ, महोदय, सगळं वडिलांच्या पद्धतीने.

जहाजावर झेंडा होता एका बेटाचा. ते बेट मला नकाशात भिंगाने शोधावं लागलं. त्या देशाचं नोंदणी कार्यालय बेटावर नव्हतंच, दुसऱ्याच खंडातल्या एका उंच इमारतीत होतं. तिथून उत्तर आलं की मालकाला कळवण्यात आलं आहे. मालक म्हणजे तिसऱ्या देशातली एक कंपनी, आणि कंपनी म्हणजे टपालपेटी. जहाज चालवणारे लोक चौथ्या देशातले, त्यांचा फोन दुसऱ्या महिन्यापासून बंद. विमा उतरवणारे म्हणाले, विमा संपला. ज्या देशाच्या बंदरात जहाज उभं होतं तो म्हणाला, आमची न्यायालयं स्वतंत्र आहेत, आम्ही त्यांच्या कामात ढवळाढवळ करत नाही. काय पण तत्त्वनिष्ठा! आपल्याकडचे एक साहेब फोनवर फार सभ्यपणे बोलले. विषय संबंधितांकडे मांडला आहे, असं त्यांनी मला पाच वेळा सांगितलं. हे संबंधित कोण, ते एकदाही सांगितलं नाही.

मात्र पोच सगळ्यांनी दिली. 'आपला मेल मिळाला. आपला क्रमांक अमुक.' पहिली पोच आली तेव्हा ताईने देवापुढे साखर ठेवली. "बघ, उत्तर आलं," म्हणाली. मी तिला सांगू शकलो नाही की हे उत्तर माणसाने लिहिलेलंच नाही. मी ते छापून फायलीत लावलं. मग दुसरं लावलं, मग तिसरं. महिन्याभराने फाईल फुगली आणि ताईने साखर ठेवणं बंद केलं.

ताई दर रविवारी कल्याणहून यायची. पिशवीत माझ्यासाठी डबा असायचा. ती फाईल मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून वाचायची. मराठी शाळेत शिकलेली बाई, इंग्रजी अक्षर अक्षर जोडून वाचायची. एकदा मान वर न करता म्हणाली, "सगळे म्हणतात मिळालं. मग गेलं कुठे?"

मी तिच्यावरच ओरडलो. कायद्याची प्रक्रिया असते, वेळ लागतो, असं काहीबाही बोललो. ती डबा ठेवून निघून गेली. त्याबद्दल माफी मी अजून मागितलेली नाही.

त्याच महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला 'आंतरराष्ट्रीय कायदा: स्वरूप आणि मर्यादा' हे प्रकरण शिकवायचं होतं. माझ्या नोट्स पिवळ्या पडलेल्या आहेत, पण पोरांना त्याच हव्या असतात. मी सांगतो, ते उतरवून घेतात. 'राष्ट्रांनी केलेले करार राष्ट्रांवर बंधनकारक असतात. पूर्णविराम.' इथे माझी जीभ अडखळली. मागच्याच वर्षी याच वाक्याला दिवा स्टेशनहून येणारी एक मुलगी हात वर करून म्हणाली होती, "सर, आमच्याकडे टँकर येतो ना, तेव्हा पण नियम असतात. लाइन असते, नंबर असतात. पण ज्याचा पाइप लांब त्याच्या घरी पाणी." वर्ग हसला होता. मी म्हणालो होतो, आपण इथे राज्यांबद्दल बोलतोय, टँकरबद्दल नाही. परीक्षेत तिने त्या प्रश्नाखाली 'बळी तो कान पिळी' एवढंच लिहिलं आणि मी लाल शाईने भोपळा दिला. सत्तावीस वर्षांत इतकं बरोबर उत्तर मला कुणी लिहून दिलं नव्हतं.

रोज संध्याकाळी टीव्हीवर कुठलं ना कुठलं शहर जळत असायचं. मोठ्या टेबलाभोवती माणसं बसायची आणि 'तीव्र चिंता' व्यक्त करायची. कुणी 'गंभीर दखल' घ्यायचं. ज्याने बाँब टाकले तोच हात वर करून ठराव पाडायचा. जागतिक न्यायालय निकाल द्यायचं आणि तो निकाल कुणाच्या दारावर डकवायचा हेच कुणाला माहीत नसायचं. तिथे बेलिफच नाही! वर्षानुवर्षं हे मी तटस्थ आवाजात शिकवलं. दोन्ही बाजू मांडल्या, गुण आणि दोष, प्रत्येकी पाच मुद्दे. आता तो तटस्थ आवाज आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिकडे जहाज रिकामं होत चाललं होतं. एकेका देशाने आपापला माणूस सोडवून नेला. शेवटी दोघंच उरले, भाचा आणि स्वयंपाकी. स्वयंपाकी चौपन्न वर्षांचा, आपल्याहून गरीब देशातला. त्या देशाची त्या बंदरगावी वकिलातच नव्हती, त्यामुळे त्याची चौकशीसुद्धा कुणी केली नाही. त्याला इंग्रजी मोडकंतोडकं यायचं. भाच्याला तो 'सर' म्हणायचा. जनरेटर दिवसातून दोन तास चालायचा, तेवढ्यात फोन चार्ज करायचे आणि शिजवून घ्यायचं. "तो माझ्यासाठी वरणभात शिकलाय, मामा," भाचा एकदा म्हणाला. "मिरची संपली तर मिरी घालतो. परवा ताप आलेला मला, दोन दिवस बाजूला बसून होता." हे सांगताना तो बऱ्याच दिवसांनी हसला.

चौदाव्या महिन्यात एजंटला वाट सापडली. रखवालदार बदलता येतो. जहाजावरचा दुसरा कुणी कर्मचारी लेखी कबूल झाला तर कोर्ट पहिल्याला मोकळं करतं. फोन आला तेव्हा रविवार होता, ताई माझ्या शेजारी बसली होती आणि फोन स्पीकरवर होता.

"मामा, कुक सही करतो म्हणतोय. एजंटने त्याला सांगितलंय, नुसता कागद मिळाल्याची सही आहे. सेम माझ्यासारखं. माझ्या सहीचं त्याला ठाऊक नाय. मी त्याला समजावू का नीट? समजावलं तर तो नाय करणार."

ताईने माझा हात धरला. तिची बोटं मला समजत होती. चौदा महिन्यांत तिचं वजन निम्मं झालं होतं. मला त्या स्वयंपाक्याचा चेहरा माहीत नव्हता आणि ताईचा समोर होता.

"तो मोठा माणूस आहे," मी म्हणालो. "कोर्टाचा कागद आहे, सही करायची की नाही ते त्याचं तो ठरवेल. तू काही बोलू नकोस. घरी ये."

"बरोबर आहे का पण हे?"

"कायद्याने बरोबर आहे."

हे वाक्य मी नोट्समधून उचलल्यासारखं बोललो. झेंड्याचा देश हेच बोलला होता, बंदराचा देश हेच बोलला होता. मी त्यांना फोनवर, कागदावर, मनातल्या मनात किती घाणेरड्या शिव्या दिल्या होत्या! माझी पाळी आली तेव्हा मला एक सेकंदसुद्धा लागला नाही.

भाचा तीन आठवड्यांनी आला. ताईने कल्याणच्या त्यांच्या सोसायटीत घरोघरी पेढे वाटले. मला म्हणाली, "तुझ्यामुळे आला." मी पेढा खिशात ठेवला. पोरगा निम्मा झालेला. अजून पाण्याचा तांब्या अर्धाच भरून घेतो, दिवा लागला की सगळ्यांचे फोन गोळा करून चार्जिंगला लावतो. विचारलं तर नीट बोलतो, पण स्वयंपाक्याचं नाव तो काढत नाही आणि मीही काढत नाही. परवा ताईने वरणभात वाढला तर 'नको, पोळी दे' म्हणाला.

गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर परक्या देशातल्या नंबरवरून एक मेसेज आला. इंग्रजी जपून जपून लिहिलेलं. 'सर, मी त्या जहाजावरच्या स्वयंपाक्याची मुलगी. प्राथमिक शाळेत शिकवते. तुमचा नंबर बाबांकडून मिळाला. बाबा सांगतात, तुमचा भाचा फार चांगला माणूस आहे आणि तुम्ही कायदा शिकवता. बाबांनी कोणत्या कागदावर सही केली आहे हे कृपया सांगाल का? आम्ही कोणाला लिहावं?'

मी वाचलं आणि तिच्याकडे दोन निळ्या खुणा उमटल्या. तिला कळलं की मी वाचलंय.

कपाटात फाईल आहे. त्यात सगळे पत्ते आहेत, त्या कागदाचं भाषांतर आहे. ते तिला पाठवायला दहा मिनिटं पुरतील. पण पाठवलं तर तिला कळेल की चौदा महिने आम्हाला त्या सहीचा अर्थ माहीत होता, आणि तो तिच्या वडिलांना सांगायचा नाही असं डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये बसून कायदा शिकवणाऱ्या माणसाने ठरवलं. मी फाईल काढली, टेबलावर ठेवली, परत कपाटात ठेवली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी काहीतरी लिहायलाच हवं म्हणून लिहिलं, 'आपला मेसेज मिळाला. माहिती घेऊन कळवतो.'

मिनिटभरात तिचं उत्तर आलं. 'फार आभारी आहे, सर. आईला आत्ताच सांगितलं, उत्तर आलं म्हणून.'